मेला नाय, अटकलाय

माउस उलटा धरायचा, त्याच्या पोटावर जोरात फुंकर मारायची, मग तो आपल्याच तळहातावर फिरवायचा, आणि पडद्यावरचा बाण हलला की माझ्याकडे बघून म्हणायचं, "मेला नाय, अटकलाय!" ही आमच्या चाचांची रीत.

नारपोलीत माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. दुकान म्हणजे झेरॉक्सचं मशीन, काचेचं टेबल आणि एक म्हातारा कॉम्प्युटर. मागच्या गाळ्यात कापड विणायचे लूम चालतात, त्यामुळे कापसाची लव उडून सगळ्यात शिरते, माउसमध्ये तर हमखास. चाचांचेही एके काळी लूम होते. ते बंद झाल्यावर माणूस घरात बसेना, म्हणून माझ्या स्टुलावर येऊन बसायचा.

शेवटच्या ताग्यातला एक तुकडा त्यांनी मला आणून दिला होता. मोरपिशी साटीन, नुसतं चकचकीत. "काचेवर माउस चालत नाय. ह्याच्यावर ठेव. आपला माल हाय!" माझ्या टेबलावरचं ते कापड येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवताना त्यांची मान अशी ताठ व्हायची की बघत राहावं.

त्यांचं ते वाक्य सगळ्यालाच लागू व्हायचं. काल्हेरला ट्रकांनी रस्ता तुंबला, तरी "मेला नाय, अटकलाय." माझं लग्न जमत नव्हतं तेव्हा म्हणाले, "तुझं नशीब मेलं नाय, पोरी, अटकलंय."

"मग मारा की एक फुंकर!" मी म्हटलं. तर खरंच मारली हो माझ्या कपाळावर!

एका मशीनशी मात्र त्यांचं कधी जमलं नाही. अंगठ्याचा ठसा घेणाऱ्या. आयुष्यभर सूत हाताळून बोटांच्या रेषाच पुसट झालेल्या. अंगठा ठेवला की लाल दिवा. "मला वळखत नाय ती," असं म्हणून हसायचे, पण हात लगेच खिशात घालायचे. मला ते बघवत नसे.

तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल. नसेल, तर तुमचं नशीब फुटकं.

त्यांच्या लेकीची लेक त्यांनीच वाढवली होती. तिला ठाण्याला नर्सिंगची सीट लागली. ती पक्की करायची मुदत संध्याकाळी पाचला संपत होती. दुपारपासून आम्ही तिघं कॉम्प्युटरपुढे, आणि साइट काही उघडेना. मोबाईलवर तर ते पान दिसतच नव्हतं. पाचला थोडा वेळ उरला आणि एकदाचं पान उघडलं.

सीट पक्की करायच्या बटणाला 'फ्रीझ' म्हणतात, आणि कॉम्प्युटर थिजला तरी 'फ्रीझ'च. ज्याने हे नाव ठेवलं त्याला एकदा माझ्या दुकानात आणून बसवलं पाहिजे.

"आता फ्रीझ," मी म्हटलं.

"या अल्ला! झालं फ्रीझ?" चाचा उभेच राहिले.

"नाही हो चाचा, करायचंय!"

आणि तेवढ्यात बाण खरंच थिजला. मी माउस ओढला, तर बाण टुणकन उडाला आणि शेजारच्या बटणावर जाऊन बसला. त्यावर लिहिलं होतं 'सीट सोडा'. मी बोट उचलून धरलं. ते एकदा दाबलं गेलं असतं तर पोरीचं वर्ष गेलं असतं, कदाचित शिक्षणही.

वायर काढून दुसरीकडे खोचली. बाण पुन्हा उड्या मारायला लागला. बंद करून चालू करावा, तर हा म्हातारा कॉम्प्युटर उठेपर्यंत पाच वाजून जाणार. पोरगी धावत शेजारच्या मोबाईलवाल्याचा माउस घेऊन आली. त्यानेही तीच नाटकं! पोरगी ओठ चावत होती, रडत नव्हती, ते जास्त वाईट.

चाचांनी माउस उचलला. फुंकर मारली. तळहातावर फिरवला. बाण लोण्यासारखा सरकला. त्यांनी तो पुन्हा कापडावर ठेवला. उडी. परत तळहातावर. सरळ.

ते कापडाकडे बघत राहिले. आम्ही इतके दिवस लवेला शिव्या घालत होतो, आणि भानगड त्या चकचकीत साटीनची होती. मला कळलं होतं, पण त्या कापडाला मी हात लावला नाही. चाचांनीच ते कापड ओढून काढलं. खाली काच, तिच्यावर तर माउस चालायचाच नाही. कागदाचा इतका ढीग शेजारी असताना कागद घ्यायचं कुणाला सुचलं नाही. त्यांनी हात पुढे केला, पंजा उघडून.

"ह्याच्यावर चालव, बाळ."

हात थरथरत होता. "नाना, हलू नका ना," पोरगी आजोबांना म्हणाली. मी त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. तिने त्यांच्या तळव्यावर माउस हळूहळू सरकवला. बाण 'सीट सोडा'वरून निघाला, 'फ्रीझ'वर आला. तिने दाबलं.

सीट पक्की झाली. पोरगी तेव्हा रडली. चाचांनी कापडाची घडी करून खिशात घातली. "माझ्याच मालानं घात केला असता गं," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून घेऊन आले. तो अजून माझ्या टेबलावर आहे.

चाचा यंदा गेले. स्टूल मी हलवलेलं नाही.

परवा पोरगी परीक्षेचं हॉल तिकीट काढायला आली, कॉलेजच्या पांढऱ्या गणवेशातच. नेमका माउस अडला. मी उठणार, तोवर तिने तो उलटा केला, फुंकर मारली, आपल्या तळहातावर फिरवला. बाण हलला. ती माझ्याकडे बघून हसली.

"मेला नाय..." ती सवयीने बोलून गेली, आणि तिची नजर रिकाम्या स्टुलावर अडकली.

मी तिचा हात धरला, माउससकट.