गेटवरच्या वहीतलं हळदीकुंकू

आम्ही गुडगावात राहायला आलो तेव्हा आमच्या पत्त्यात आकडेच आकडे होते. सेक्टरचा आकडा, मजल्याचा आकडा, फ्लॅटचा आकडा आणि मध्ये कुठेतरी ब्लॉकचं एक अक्षर. पुण्याहून काकांचा फोन आला की ते पत्ता लिहून घेत आणि मग विचारत, "बरं, पण जवळ काय आहे?" बाबांना उत्तर देता येत नसे. जवळ एक अर्धवट बांधलेली इमारत होती, तिच्या पलीकडे दुसरी, आणि मग मोहरीची शेतं.

बाबा केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले होते. त्याआधी सव्वीस वर्षं आम्ही आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये काढली. माझी शाळा, कॉलेज, वरच्या मजल्यावरच्या तमिळ मावशी, सरोजिनी नगरला जाऊन घासाघीस करून आणलेले स्वेटर, सगळं तिथलं. पण क्वार्टर आपलं नसतं, हे घरात प्रत्येकाला पक्कं ठाऊक होतं. आपलं जे काही होतं ते कोथरूडला, दोन खोल्यांचा फ्लॅट. त्यात भाडेकरू होते. मी नुकतीच एका परदेशी कंपनीत लागले होते. तेव्हा अशा कंपन्या एकामागून एक गुडगावात ऑफिसं थाटत होत्या. मी ऑफिसच्या जवळ घर घेतलं आणि आईबाबा माझ्याबरोबर आले. आईनं आल्या दिवशीच सांगून टाकलं, "एक वर्ष. मग आम्ही पुण्याला." तिनं खिडक्यांना पडदेही केले नाहीत. जुन्या चादरी दोरीवर अडकवल्या. एका वर्षासाठी कशाला, यार, असं म्हणाली. हे 'यार' तिला दिल्लीनं दिलं होतं आणि ते तिच्या कधी लक्षातही आलं नव्हतं.

दिवाळीला आत्या आली. पुण्याबाहेर फारशी न गेलेली, स्पष्ट बोलणारी बाई. चौथ्या मजल्याच्या बाल्कनीत उभी राहून तिनं क्रेन, काचेच्या इमारती आणि मधल्या रिकाम्या जागेत चरणाऱ्या म्हशी पाहिल्या. जेवताना म्हणाली, "शहराला स्वभाव असावा लागतो रे. दिल्ली आधीच एवढी मोठी की कुणाचीच नाही, आणि हे तर तिचंही टोक. इथं माणसानं मूळ धरायचं ते कशात?"

मला राग आला. बाबांना नाही आला. आयुष्यभर त्यांनी फायलींवर शेरे मारले होते. एखादा मुद्दा नीट मांडलेला दिसला की त्यांना बरं वाटे, तो विरोधातला असला तरी. ते म्हणाले, "प्रश्न बरोबर आहे. बघायला हवं." आणि आत्या गेल्यावर ते खरंच बघायला लागले.

रोज सकाळी कानटोपी घालून ते निघत आणि दोन तासांनी काहीतरी घेऊन परत येत. कधी बातमी, कधी मुळ्याची जुडी. आमच्या सोसायटीमागच्या भिंतीपलीकडे एक गाव आहे, हे आम्हाला त्यांच्याकडून कळलं. आधी ते गाव होतं आणि सोसायटी त्याच्या शेतात आली, हे नंतर कळलं. आमचा ब्लॉक हरभऱ्याच्या शेतावर होता. पोहण्याच्या तलावाच्या जागी खरोखरच एक तळं होतं आणि त्यात म्हशी डुंबत. बाबा हे सगळं चहा पिता पिता सांगत आणि आई "अच्छा" म्हणून भाजी निवडत राही.

एक दिवस ते तिला हात धरूनच खाली घेऊन गेले. मीही गेले. जनरेटरच्या खोलीमागे, जिथं कुणी जात नसे, एक काटेरी, वाकडंतिकडं झाड होतं. बुंध्याशी चुना लावलेल्या चार विटा होत्या आणि एक विझलेली पणती. माळी त्या झाडाला जांटी म्हणे. बाबांनी एक डहाळी खाली ओढली. "ओळख."

आईनं पानं चुरगाळून पाहिली. "ही तर शमी आहे."

पंचवीस-तीस वर्षं दसऱ्याला शमी मिळत नाही म्हणून ती कुरकुरत आली होती. आणि ती इथं, डिझेलच्या वासात उभी होती. आईनं वाकून विटा पाहिल्या. आपल्याकडच्या म्हसोबासारखं काहीतरी दिसतंय, म्हणाली. पण पणती कोण लावतं, ते माळ्याला सांगता येईना.

ते जानेवारीत कळलं. रविवार होता. संक्रांत होऊन चार-पाच दिवस झाले होते. आईनं सवयीनं तिळगूळ केला होता, भरपूर. आर. के. पुरमला तिच्या हळदीकुंकवाला चाळीसेक बायका येत. मराठी तर येतच, पण बंगाली, तेलुगू शेजारणीही येत. इथं बोलवायला कुणीच नव्हतं. दोन मराठी घरं होती, पण त्या बायका नोकरी करणाऱ्या, रविवारी मॉलमध्ये जाणाऱ्या. डबा ओट्यावर तसाच पडला होता.

धुकं होतं. खालून गाण्याचा आवाज आला. बाल्कनीतून फक्त रंग दिसत होते, लाल, पिवळे. मी शाल गुंडाळून खाली गेले. गेटबाहेर बायकांचा घोळका उभा होता. मध्ये एक नवी नवरी, हातभर घुंगट ओढलेली, आणि पुढे एक उंच म्हातारी, हातात पूजेचं ताट घेतलेली. गावातल्या रीतीप्रमाणे नवी सून घरात आली की तिला आधी त्या झाडापाशी आणून डोकं टेकवायचं. इतकी वर्षं शेतातून पायवाट होती. आता भिंत होती, गेट होतं आणि गार्ड होता. गेल्या वर्षापर्यंत बांधकाम चालू होतं, तेव्हा मजूर त्यांना आत सोडत. पणत्या त्याच लावत होत्या. आता सोसायटीचा नियम होता: वहीत नाव, फ्लॅट नंबर आणि काम लिहिल्याशिवाय कुणालाही आत घ्यायचं नाही.

सोसायटीचे सेक्रेटरी ट्रॅकसूटमध्ये आले होते. माणूस वाईट नव्हता. त्यांचं म्हणणं होतं की आज तेरा बायकांना सोडलं तर उद्या कुणाला अडवायचं, लोकांनी इथं सुरक्षितता बघून घरं घेतली आहेत. म्हातारी वाद घालत नव्हती. तिनं ताट सांभाळून गेटसमोर जमिनीवर बसकण मारली. तिचं बघून सगळ्या बसल्या आणि पुन्हा गाऊ लागल्या. एक गाडी बाहेर पडायला थांबली, मग दुसरी. हॉर्न वाजू लागले.

तोवर बाबा आले होते आणि सेक्रेटरींना नियमाची भाषा कशी सैल आहे ते समजावत होते. ते अजून तासभर तरी चाललं असतं. तेवढ्यात आई खाली आली. साडीवर बाबांचा स्वेटर, पायात घरातल्याच चपला. तिनं बायका मोजल्या, गार्डच्या टेबलावरची वही ओढली आणि पेन मागितलं. पाहुण्यांची संख्या: तेरा. फ्लॅट: आमचा. काम या रकान्यापाशी ती क्षणभर थांबली आणि मग मराठीतच लिहिलं: हळदीकुंकू.

गार्डनं वाचायचा प्रयत्न केला. "आंटीजी, ये क्या है?"

"हमारे यहाँ का फंक्शन," आई म्हणाली. "मेरे मेहमान हैं. खोलिए."

सेक्रेटरींनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी अतिशय सरकारी चेहरा करून सांगितलं की नोंद पूर्ण आहे. गेट उघडलं.

झाडापाशी पूजा दहा मिनिटांत झाली. नवरीनं डोकं टेकवलं, म्हातारीनं पणती लावली, धुक्यात ती नीट दिसतही नव्हती. मग बायका निघाल्या. आई वाट अडवून उभी राहिली. लिहिलंय तर आता वर यावंच लागेल, म्हणाली. मला वाटलं ती गार्डच्या भीतीनं म्हणतेय. पण तिच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं.

निम्म्या बायका लिफ्टमध्ये चढल्या, निम्म्यांनी लिफ्टवर विश्वास ठेवायला नकार दिला आणि जिन्यानं आल्या. सोफ्यावर कुणी बसेना. सगळ्या सतरंजीवर दाटीवाटीनं बसल्या. आईनं प्रत्येकीला हळद लावली, कुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला. कोण सवाष्ण, कोण नाही, हे तिनं विचारलं नाही. एरवी ती अशा बाबतीत काटेकोर होती. तिळगूळ घ्या, गोड बोला, हे तिनं हिंदीत सांगून पाहिलं. बायकांना हसू आलं, कारण त्यांच्या मते आमच्या गेटवरच्या लोकांना त्याची जास्त गरज होती.

गावातल्या मुली म्हातारीला ताई म्हणत होत्या. त्यांच्याकडे ताई म्हणजे थोरल्या चुलत्याची बायको. आईला वाटलं, आपल्यासारखी थोरली बहीण. तीही ताई म्हणू लागली आणि सगळ्या पुन्हा हसल्या. म्हातारीनं तिला तसंच म्हणू दिलं.

मग ताई बाल्कनीत गेली आणि बोटानं दाखवू लागली: विहीर तिथं होती, ऊस गाळायचा चरक तिथं, आणि तुमच्या त्या गाड्या लावतात तिथं माझा थोरला मुलगा झाला, घरी पोचायलाही वेळ मिळाला नाही. बाबा मागे उभे राहून ऐकत होते. त्यांनी नम्रपणे विचारलं, आपलं घराणं या गावात किती पिढ्यांचं?

"उनका होगा," ताई म्हणाली. उनका म्हणजे नवऱ्याकडच्यांचं. ती स्वतः अलवरच्या बाजूची होती. मग तिनं आत बसलेल्या बायकांकडे हात केला. ही रेवाडीकडची, ती झज्जरची, नवी सून पार राजस्थानातली. त्यांच्यात गावातल्या मुलाशी गावातली मुलगी लग्न करत नाही. त्यामुळे गावातली प्रत्येक सून बाहेरून आलेली.

आई हातातलं कुंकवाचं पाळं घेऊन तशीच उभी राहिली. तीही लग्न होऊन साताऱ्याहून थेट दिल्लीला आली होती. एकोणीस वर्षांची, हिंदीचा एक शब्द न येणारी. तिनं विचारलं, आणि हे मात्र मला शब्दन् शब्द आठवतं, "ताई, यहाँ मन कब लगा?"

पहिली दोन वर्षं मी रोज त्या बाजूला बघायचे, ताई म्हणाली, जिकडून माहेरची बस यायची. "फिर भैंस आ गई, बच्चे आ गए. एक दिन देखा कि देखना भूल गई हूँ."

त्यानंतर त्या बायका गेल्या. सतरंजीवर तीळ सांडले होते.

पुढच्या आठवड्यात सोसायटीचं पत्र आलं, पाहुण्यांच्या वहीचा गैरवापर झाल्याबद्दल. बाबांनी त्याला दोन पानी उत्तर दिलं आणि सभेतही बोलले. तिथं भांडण झालं, दोन घरांनी आमच्याशी बोलणं सोडलं, तर तीन घरांतल्या बायका दुसऱ्या दिवशी झाड बघायला गेल्या. शेवटी ठरलं की गावातून आदल्या दिवशी नावांची यादी आली तर मागचं छोटं दार उघडायचं. यादी आणायला बाबाच जात. मला अजूनही ते फार मोठं यश वाटत नाही. स्वतःच्या देवाला भेटायला आधी यादी द्यायची, हे ताईला कसं वाटत असेल, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

उन्हाळ्यात कोथरूडचे भाडेकरू गेले आणि आई घर लावायला पुण्याला गेली. दोन महिन्यांसाठी म्हणून गेली होती. फोनवर खूश वाटायची. नाटक पाहिलं, बहिणी भेटल्या, भाजी कशी ताजी मिळते. पाचव्या आठवड्यात परत आली. काय झालं विचारलं तर म्हणाली, काही नाही झालं, छान आहे सगळं. मग भांडी लावता लावता सांगितलं की भाजीवाल्याशी तिच्या तोंडून हिंदी निघायची आणि तो तिला विचारायचा, बाई, तुम्ही कुठल्या? तीनदा विचारलं त्यानं. पुण्याचा काही दोष नाही, ती म्हणाली. कोथरूडला नवे भाडेकरू आले.

बाबांनी तरीही शोध सोडला नव्हता. एकदा जेवताना त्यांनी आत्याचा मुद्दा पुन्हा काढला. गुडगावला स्वभाव आहे की नाही, यावर आईचं मत त्यांना हवं होतं. मलाही हवं होतं. मी माझ्या ऑफिसातल्या लोकांना विचारून पाहिलं होतं. प्रत्येक जण कुठून आलो ते सांगे आणि तिथंच थांबे.

आईनं घड्याळाकडे पाहिलं. "असेलही. मला अजून कुठे नीट कळलंय?" ती म्हणाली. ताईची म्हैस सकाळीच व्यायली होती. चीक घ्यायला ये, असा निरोप होता. गावातल्या बायका त्यात गूळ घालून तो नुसता आटवतात, तर आई खरवस उकडून त्यांना खायला घालणार होती. वेलची घालायची की जायफळ, यावर ती ताईशी पैज लावून आली होती. तिनं स्टीलचा डबा घेतला, चपला घातल्या आणि मागच्या दाराची किल्ली मागायला गार्डकडे गेली.