सोमवारी मी जेवत नाही

मी तेवीस वर्षांची असताना बेल्जियमला गेले. आमच्या गावातली बाई तोवर फार तर चांद्याला गेलेली असायची, तीही दवाखान्यापायी. माझा नवरा दोन वर्षांपूर्वी तापानं गेला होता. मुलगी तेव्हा अंगावर पीत होती. बाप तलावात जाळं टाकायचा, आई मासोळी विकायची. मी चौथी शिकलेली, म्हणून गडचिरोलीच्या अलीकडे असलेल्या मिशनच्या दवाखान्यात मला काम मिळालं. आधी झाडलोट, मग पट्ट्या बांधणं. महारोग्यांच्या जखमा धुवायला कोणी तयार नसे, मी तयार झाले.

तिथली मोठी सिस्टर बेल्जियमची. तिनंच मला आठ महिन्यांच्या शिक्षणासाठी तिच्या देशात पाठवायचं ठरवलं. रोग्यांचे पाय बधिर होतात, त्यांना मऊ तळाच्या चपला कशा करायच्या, जखम कशी सांभाळायची, हे शिकायचं होतं. आई म्हणाली, "पोरीले मी पायतो, तू जा. फक्त येळेवर खात जाजो."

तिथं मी मुलींच्या वसतिगृहात राहायची. सकाळ-संध्याकाळचं खाणं तिथं मिळे, दुपारचं आपलं आपण बाहेर पाहायचं. सिस्टरला हे ठाऊक होतं. म्हणून तिनं निघण्यापूर्वी माझ्याकडून एक वाक्य घोकून घेतलं होतं : "अं साँद्विच ओ फ्रोमाज, सिल वू प्ले." म्हणजे चीज घातलेली डबलरोटी द्या, कृपा करून. बोटीवर मी ते वाक्य जप करावा तसं म्हणत होते.

शिकण्याच्या जागेसमोर कालवा होता आणि कालव्याच्या काठी एक छोटं दुकान. काचेआड हातभर लांबीच्या रोट्या उभ्या ठेवलेल्या, वर मांसाच्या तंगड्या टांगलेल्या. दुकानदारीण माझ्या आईच्या वयाची, दंडानं मजबूत, गालांवर लाली. पहिल्या दिवशी मी आत गेले तेव्हा लोक बोलायचे थांबले. माझं लुगडं, त्यावर सिस्टरनं दिलेला पुरुषी कोट. मी वाक्य म्हटलं. तिनं उलट काहीतरी विचारलं. मला काहीच कळलं नाही, म्हणून मी तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. मागे कोणीतरी हसलं. ती हसली नाही. तिनं लोण्याचं भांडं उचलून दाखवलं, मी मान हलवली.

कालव्याकाठच्या दगडी बाकावर बसून मी खाल्लं. वरचं कवच इतकं कडक की टाळू सोलून निघाली. चीजचा वास मला दोन दिवस हाताला येत राहिला. पण पोट भरलं.

मग रोज तेच. दुकानात पाटीवर आठ-दहा पदार्थ खडूनं लिहिलेले असायचे. लोक गरम सूप प्यायचे, अंडी खायचे. मला हवं असून मागता येत नव्हतं. बोट दाखवावं तर त्यात डुकराचं की गाईचं, कोणाला विचारणार? शिकवणारे गुरुजी मोडकं इंग्रजी आणि हातवारे यांवर भागवत. मलाही इंग्रजी दवाखान्यापुरतंच. त्यामुळे दिवसभरात माझ्या तोंडून निघणारं अख्खं वाक्य तेवढं एकच.

महिनाभरानं तेही गेलं. मी दारात दिसले की दुकानदारीण रोटी कापायला घ्यायची. मी तोंड उघडायच्या आत कागदात बांधून पुढे ठेवायची. तिनं ते मायेनंच केलं. पण काही दिवस असे गेले की संध्याकाळपर्यंत माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. मग मी बाकावर बसून पाण्याकडे पाहत मुलीशी बोलायची. "का करून राह्यली व? जेवली का?" असं हळूच. कोणी आलं की गप्प.

सोमवारी माझा उपास असे. मार्कंड्याच्या महादेवाचा, नवरा गेल्यापासून धरलेला. संध्याकाळपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. सोमवारी मी दुकानात जायची नाही, पण बसायला दुसरी जागा कुठं होती? बाकावरच बसायची. तिसऱ्या का चौथ्या सोमवारी दुकानदारीण रस्ता ओलांडून आली आणि तिनं माझ्या मांडीवर पुडकं ठेवलं. कागद गरम होता.

मी "नों, मेर्सी" म्हणून परत केलं. तिनं पुन्हा ठेवलं. बरंच काही बोलली, माझ्या कोटाच्या बाहीला हात लावला. माझ्याकडे पैसे नाहीत असं तिला वाटलं होतं. मी हात जोडले, वर आभाळाकडे बोट केलं. त्यानं तर तिचे डोळेच भरून आले. मी देवाकडे अन्न मागते आहे असं तिला वाटलं असावं.

मी खाल्लं. आत अंड्याची पोळी होती, कांदा घातलेली, वाफ निघत असलेली. त्या देशात दुपारी पहिल्यांदा मी काही ऊन खाल्लं. खाता खाता रडू आलं. ती उभी राहिली, माझं खाऊन होईपर्यंत.

पण उपास मोडला ते मनाला लागलं. पुढच्या सोमवारी मी कालव्याच्या पलीकडे जाऊन बसले. तिथून तिचं दुकान दिसायचं. ती एकदा दाराशी आली, रिकाम्या बाकाकडे पाहिलं आणि आत गेली. मंगळवारी तिनं मला रोटी दिली, पण वर पाहिलं नाही.

मी गुरुजींना विचारून उपासाचा शब्द शिकले. छोटाच शब्द. दोन दिवस म्हणून म्हणून पक्का केला आणि दुकानात जाऊन तिला सांगितलं, सोमवारी माझा उपास असतो. तिनं क्षणभर पाहिलं आणि मोठ्यानं हसली. गल्ल्यावरून हात लांब करून तिनं माझा गाल थोपटला. "वुई, वुई," म्हणाली आणि तोच शब्द पुन्हा उच्चारला. राग गेला, एवढं मला कळलं. आपलं म्हणणं पोचलं, असंच मी समजले.

पोचलं नव्हतं. पुढच्या सोमवारी ती पुन्हा पुडकं घेऊन आली. मग गुरुजींना विचारलं, तेव्हा उलगडा झाला. त्या शब्दाचा सूर जरा चुकला की अर्थ होतो 'तरुण'. मी तिला सांगितलं होतं, सोमवारी मी तरुण असते. आणि ती म्हणाली होती, हो, हो, तरुणच आहेस.

गुरुजी हसले, मीही हसले. बाकावर आले तेव्हा मात्र हसू राहिलं नाही. नवरा गेल्यापासून मला कोणी तरुण म्हटलं नव्हतं. आईनंही नाही. मी पोरीची माय होते, रांडव होते, दवाखान्यातली बाई होते. मी पुन्हा जाऊन शब्द सुधारला नाही. उरलेले सोमवार तिनं आणलेलं खाल्लं आणि उपास मंगळवारी केला. महादेवाला चालला असेल.

परत आले तेव्हा मुलगी आजीच्या लुगड्यामागे लपली. "आजी, हे बाई कोन आहे?"

"तुई माय आहे थे. जा."

ती गेली नाही. जेवताना आईनं मला विचारलं, "तिकडं दुपारी का खात होती?"

"डबलरोटी."

"कोनासंग?"

मी भात कालवत राहिले.

मुलीला मी दवाखान्याच्या खोलीत राहायला नेलं. रोगी मला बाई म्हणत, म्हणून तीही बाईच म्हणे. मी ओ देत असे. पावसाळा गेला, हिवाळा गेला. कधीतरी ती माय म्हणायला लागली. नेमकं कधी, ते आठवत नाही. त्या दिवशी मी कामात असेन.