दिव्यांचा डेमो आणि फवाऱ्याचं धुकं

पुण्याच्या एका गेम बनवणाऱ्यानं मला फसवलं. तो चुकला नाही, त्यानं फसवलं.

गुलाबी बोंडअळी बीटी कपाशीलाही जुमानेनाशी झाली होती, त्या वर्षांतली गोष्ट. मलकापुरात माझं कॉम्प्युटर गेम खेळायचं दुकान होतं, स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं. मी एक गेम रचला. काळोखातलं कपाशीचं वावर, पाठीवर पंप, कपाळावर बॅटरी, आणि फवाऱ्याच्या धुक्यातून अळी हुडकायची. सगळा खेळ त्या धुक्यात होता. चित्राचं काम या गृहस्थाला दिलं.

"दादा, डिफर्ड रेंडरिंग वापरतो," तो म्हणाला. "आधी पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याचा रंग, खोली, दिशा साठवायची. उजेड मागाहून मोजायचा, तोही दिसतं तेवढ्यावरच. दिवे कितीही लावा, गेम अडखळणार नाही."

डेमो बघायला मी पुण्याला गेलो. त्यानं तो स्वतःच्या नव्याकोऱ्या मशीनवर दाखवला. वावरभर दिवे, बोंडं लखलखतायत.

"धुकं?"

"ते शेवटी टाकू. किरकोळ आहे."

मी कामाच्या भावावरून तासभर भांडलो, त्याला खाली आणलं आणि तोऱ्यात मलकापूरच्या गाडीत बसलो. कापसाचा व्यापारी भरलेल्या बैलगाडीतला वरचा पांढरा थर बघतही नाही; कोपरापर्यंत हात खुपसून तळाची कवडी, किडका पिवळट कापूस, उपसतो. हे पाहत मी वाढलो, आणि मीच वरचा थर बघून परतलो.

गेम सुरू केला त्या दिवशी गावातली माणसं बोलावली होती. काकाही आले. मागे बियाणं कंपनीचा डांबरी रस्त्याकाठचा नमुन्याचा प्लॉट पाहून काकांनी तेच बियाणं आपल्या कोरडवाहू वावरात लावलं होतं. प्लॉटला विहिरीचं पाणी होतं; काकांचं पीक वाळलं. त्यावरून मी काकांना चारचौघांत मूर्ख म्हटलं होतं.

काकांनी बटण दाबलं. फवारा उडाला आणि चित्र जागीच थिजलं.

"काऊन बे, पुण्याले प्लॉट पाहून आला व्हता ना? पाणी कोनाच्या विहिरीचं व्हतं, इचारलं काय?"

दुकान हसून लोळलं. मला हसणाऱ्यांचाही राग आला.

मग मी खोलात गेलो. धुकं आरपार दिसतं. एका ठिपक्यावर त्याचे कितीतरी पदर येतात आणि साठवायला जागा एकाच पृष्ठभागाची. म्हणून ते वेगळं रंगवावं लागतं, पदरावर पदर, दर पदराला सगळ्या दिव्यांचा उजेड पुन्हा मोजून. माझी जुनी ग्राफिक्स कार्डं तर नुसत्या साठवणुकीनंच दमलेली. डेमोची फाइल उघडली. धुकं त्यात तयार होतं, फक्त बंद करून ठेवलेलं. म्हणजे त्यानं ते चालवून पाहिलं होतं, अडकताना पाहिलं होतं, आणि लपवलं होतं.

फोनवर गोड आवाजात म्हणतो, "दादा, तुमची मशीनं जुनी आहेत." ती जुनी आहेत हे मी कामाच्या पहिल्याच कागदावर लिहून दिलं होतं. असल्या माणसाला आमच्या बैलबाजारात कुणी दावंही धरू देणार नाही.

माझा गेम त्या दिवशी बंद पडला तो पडलाच. आता त्यानं मलकापूरला यावं, काकांशेजारी बसावं, स्वतःच्या हातानं ते धुकं चालू करावं, आणि डेमोत ते बंद का ठेवलं होतं ते काकांच्या तोंडावर सांगावं.