एस्तेर देवाशी बोलायची थांबली तेव्हा

माझी धाकटी बहीण शीला गेली, त्यानंतर कितीतरी दिवस मी प्रार्थनेला गुडघे टेकत असे, पण तोंडातून शब्द फुटत नसे. आयुष्यभर संडे स्कूलमध्ये लेकरांना प्रार्थना शिकवलेली मी. डोळे मिटून बसायची, आणि थोड्या वेळानं तशीच उठून चहाचं आधण ठेवायची. देव नाही, असं मनात कधी आलं नाही. तो आहे, पण आमच्या घराकडे पाठ करून बसलाय, असं मात्र वाटायचं. आणि नेमक्या त्याच दिवसांत दोन लेकरांचा विश्वास सांभाळायचं काम माझ्यावर आलं होतं.

आमचे आजोबा रेल्वेच्या नोकरीत नगरकडून जबलपूरला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, बाहेर हिंदी, आणि मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, उपासनाही हिंदीतच. मी लग्न केलं नाही. जबलपुरातल्याच गोरखपूर भागातल्या एका शाळेत शिकवत राहिले. शीलाचा नवरा विजयराव संरक्षण खात्याच्या कारखान्यात आहे. त्यांना दोन लेकरं, अकरा वर्षांची एस्तेर आणि सात वर्षांचा दानिएल, आमचा दानी. शीलाला रक्ताचा आजार निघाला, तेव्हा मी माझी खोली सोडून त्यांच्याकडे राहायला गेले आणि मग तिथलीच झाले.

आजारपण लांबलं. एस्तेर शाळेतून आली की दप्तर टाकून आईच्या पलंगाशी बसायची, तिच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना करायची. मंडळीतली माणसं घरी येत, गीतं म्हणत, आणि जाताना तिच्या डोक्यावरून हात फिरवून सांगत, "बेटा, बच्चों की प्रार्थना प्रभू सबसे पहले सुनता है." मायेनंच सांगत. एस्तेरनं ते खरं मानलं. ताप उतरला की तिचा चेहरा उजळायचा, चढला की ती आणखी वेळ बसायची. जेवायला बोलावलं तरी हात काढायची नाही. शीला तिला म्हणायची, "जा गं, खेळ थोडं." ती नुसती मान हलवायची.

पावसाळा सरता सरता शीला गेली. दफनाच्या वेळी कुणा बाईंनी दानीला जवळ घेऊन सांगितलं, "रडू नको राजा. देवाला तुझी आई फार आवडली ना, म्हणून त्यानं तिला बोलावून घेतलं." त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं. तेव्हा त्या वाक्याकडे माझं लक्षच गेलं नाही.

एस्तेरनं प्रार्थना सोडली. रुसवा नाही, आरडाओरडा नाही. संध्याकाळी आम्ही चौघं बसायचो तेव्हा ती बसायची, पण डोळे उघडे ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत. प्रार्थना करायची तिची वेळ आली की म्हणायची, "पुढे चला." एकदाच मला म्हणाली, "मावशी, मी तर नीट केली होती ना?" मी तिला कुशीत घेतलं. माझ्याजवळ पुष्कळ उत्तरं होती, वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या लेकरांना दिलेली. त्यातलं एकही जिभेवर येईना.

दानीचं तर मला कळतच नव्हतं. मंडळीत पुढे उभं राहून गाणारा मुलगा गायला तयार होईना. शाळेत मारामाऱ्या करायला लागला, धडधडीत खोटं बोलायला लागला, आणि पकडला गेला की उलट हसायचा. मी समजत होते, दुःखानं पोर बिथरलंय. एका सकाळी मी गुडघ्यावर होते, तर त्यानं येऊन माझा खांदा हलवला.

"मावशी, बस कर ना."

"काहून रे?"

"इतनी प्रार्थना मत करो. मग तू पण त्याला आवडशील."

मी डोळे उघडून त्याच्याकडे वळले. तो हळूच म्हणाला, "मी तर चांगला नाहीच राहत आता. मला नाही नेणार तो."

तेव्हा मला सगळं उमगलं. एवढंसं लेकरू देवाच्या नजरेत भरू नये म्हणून वाईट वागत होतं. मी त्याला जवळ ओढलं, "असं नसतं रे बाळा," म्हणाले. विजयरावांना हे सांगितलं. ते म्हणाले, "ताई, लेकरांना काय सांगायचं ते तुम्ही मला सांगा. मी तेच सांगतो. माझं स्वतःचं काही उरलं नाही." तेही रविवारी उपासनेला येत, शेवटच्या बाकावर बसत आणि समारोपाचा आशीर्वाद होण्याआधीच बाहेर पडत.

नाताळ जवळ आला. शेजारच्या घरांवर कागदी तारे लागले, बेकरीवर केकचे डबे भाजायला द्यायच्या रांगा सुरू झाल्या. संडे स्कूलमध्ये नाटुकल्याची तालीम होती. ते बसवणाऱ्या बाईंनी एस्तेरला देवदूताचं काम दिलं. तिला बरं वाटावं, हाच त्यांचा हेतू. मी दानीला घेऊन तिला आणायला गेले, तर ती तिथे नव्हतीच. मधेच पंख काढून बाकावर ठेवून ती निघून गेली होती. पाणी प्यायला गेली असेल, असं सगळ्यांना वाटलं होतं.

घरी पाहिलं, कुलूप. गोरखपूरच्या बाजारात पाहिलं, तिच्या नेहमीच्या दुकानांत विचारलं. ओमती भागात तिची मैत्रीण राहते, तिथे गेलो. तिथेही नाही. विजयरावांना कळवायचं तर कारखान्यात फोन आत नेता येत नाही, तो गेटवरच जमा असतो. मैत्रिणीच्या आई म्हणाल्या, "दीदी, ठाण्यात सांगू या का?" दानी माझा हात घट्ट धरून चालत होता. रस्त्याच्या कडेला थांबून तो म्हणाला, "मावशी, तिला पण घेतलं का त्यानं?"

मी तिथेच एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. वाहनांची वर्दळ, हॉर्न, माणसं. आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्या तोंडून शब्द निघाले. सुंदर प्रार्थना नव्हती ती. "प्रभू, मला ही लेकरं सांभाळता येत नाहीत. मला काहीच येत नाही. तुझी आहेत, तूच बघ." एवढंच. माझ्यात काही बदललं, असं वाटलं नाही. फक्त हातातलं ओझं खाली ठेवल्यासारखे हात रिकामे झाले.

दानी माझ्या शेजारी उभा होता. म्हणाला, "दीदी आईकडे गेली असेल."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि आम्ही ऑटो केला.

कब्रस्तानाच्या फाटकातूनच एस्तेरचा आवाज ऐकू आला. ती ओरडत होती. आईच्या कबरेवरची माती अजून पुरती बसलेली नव्हती, तिथे उभी राहून, वर बघून, हिंदीत ओरडत होती, "आपने सुना क्यों नहीं? मैं रोज़ बोलती थी! रोज़! आप कहाँ थे?" मी धावले. तिला गप्प करावं, जवळ घ्यावं, एवढंच मनात होतं. तेवढ्यात जवळच्या एका लहानशा जुन्या कबरेच्या चौथऱ्यावर बसलेल्या बाईनं हात वर करून मला थांबवलं. म्हातारी होती. डोक्यावरून पदर, शेजारी कापडी पिशवी. वऱ्हाडी वळणाच्या मराठीत म्हणाली, "थांब बाई. बोलू दे तिला. देवाशीच बोलून राहिली ना ती? मधे नको पडू."

मी थांबले. का थांबले, ते आजही सांगता येत नाही. एस्तेरचा आवाज बसला, मग ती मातीतच बसली आणि रडायला लागली. आई गेल्यापासून तिला असं रडताना मी पाहिलं नव्हतं. ती म्हातारी गुडघ्यावर हात टेकत उठली, तिच्याजवळ जाऊन खाली बसली आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं.

रडणं ओसरल्यावर एस्तेर म्हणाली, "आजी, मी ओरडले. आता तो रागावेल?"

"माझी पोर इथं ठेवली ना, तेव्हा मी त्याला काय काय नाही बोलली," म्हातारी त्या लहान कबरेकडे बघत म्हणाली. "त्यानं सगळं ऐकून घेतलं. अगं, प्रभू येशू स्वतः मित्राच्या कबरेपाशी रडला. घटकाभरात त्याला मेलेल्यातून उठवणार होता, तरी रडला. मग आपण तर माणसंच."

दानी माझ्या मागून पुढे आला. "आजी, कोणी आवडलं की देव त्याला घेऊन जातो?"

म्हातारी हसली, पण डोळे भरलेले होते. "असं असतं तर मी एवढी म्हातारी झाली असती का रे? माझ्यावर लई जीव आहे त्याचा. तुझ्यावर पण आहे. आणि तू तर इथंच आहेस, माझ्यापुढं उभा."

"फिर आई को क्यों लिया?"

मला वाटलं, आता ती काहीतरी सांगेल. आम्ही सगळेच सांगतो तसं. ती म्हणाली, "मला नाही ठाऊक, बेटा. मी अजून विचारते त्याला. नाही सांगितलं त्यानं. पण विचारते तेव्हा तो जवळ बसलेला असतो, एवढं मला कळतं. तुम्ही पण विचारत राहा. बोलणं बंद नका करू."

मग तिनं सांगितलं की तिच्या मालकांची नोकरी एके काळी जबलपूरला होती, तेव्हा तापानं मुलगी गेली. आता ती कटनीकडे नातवाच्या लग्नाला निघाली होती. गाडी इथेच अडकून पडली, पुढची संध्याकाळी होती, म्हणून मुलाला सामानापाशी ठेवून ती एकटीच लेकीला भेटायला आली. किती वर्षांनी आली, तेही तिला आठवत नव्हतं. आम्ही तिला ऑटोत बसवून दिलं. ती दानीच्या गालावर हात ठेवून गेली. गडबडीत मी तिचं नावही विचारलं नाही.

ती देवदूत होती, असं मी म्हणत नाही. तिचे गुडघे दुखत होते, पिशवीत डबा होता, आणि तिला मुलाचा फोन येत होता. मी एवढंच जाणते की आमच्या घरात कुणाजवळच जे उरलं नव्हतं, ते त्या दुपारी एका अडकलेल्या गाडीनं आमच्यापर्यंत आणून पोचवलं.

विजयराव ड्यूटीवरून आले. एस्तेरनंच त्यांना सगळं सांगितलं. ते खुर्चीवर बसले आणि लेकरांसमोर पहिल्यांदा मोठ्यानं रडले. दानी घाबरला, मग त्यांच्या मांडीवर चढून बसला. माझ्या मनात आलं, या घरात आम्ही दोघं मोठी माणसं लेकरांपासून दुःख लपवत होतो, आणि लेकरं आमच्यापासून.

दुःख गेलं, असं नाही. तो नाताळ फार कठीण गेला. एस्तेरनं देवदूताचं काम केलं नाही, आणि आम्ही तिला आग्रहही केला नाही. दानीचं खोटं बोलणं सुटायला पुष्कळ दिवस लागले. आमच्या प्रार्थनेत मात्र एक फरक झाला. ज्याला जे वाटेल ते बोलायचं, तक्रार असली तरी, आणि दुसऱ्यानं मधे पडायचं नाही. पहिल्या दिवशी विजयराव म्हणाले, "प्रभू, मला शीला पाहिजे," आणि पुढे काही बोलूच शकले नाहीत. तीच आमची त्या दिवसाची उपासना झाली.

लेकरांचा विश्वास मी सांभाळायचा, असं मला वाटत होतं. तो माझ्या हातातला नव्हताच कधी. मला फक्त त्यांच्या शेजारी बसायचं होतं, त्यांच्याइतकंच रिकाम्या हातांनी. जो माझ्यापेक्षा त्यांना जास्त जीव लावतो, त्याच्याकडे त्यांना सोपवणं मला फार उशिरा जमलं, आणि अजूनही रोज नव्यानं करावं लागतं.

परीक्षा सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही बसलो होतो. प्रार्थना करायची एस्तेरची वेळ आली. मी सवयीनं पुढचं गीत काढायला पुस्तकाला हात घातला, तर ती बोलायला लागली. डोळे उघडेच होते.

"प्रभू, मी अजून नाराज आहे. आईची खूप याद येते. उद्या माझा गणिताचा पेपर आहे." ती थांबली. "आई तुमच्याजवळ असेल तर तिला सांगा, दानी परत गायला लागलाय. थोडा बेसूर गातो. आमेन."

"आमेन," दानी म्हणाला, आणि मग, "बेसूर नाही हां."

विजयराव हसले. मी मान खाली घालून बसून राहिले. कितीतरी वेळ माझ्या मनात एकच शब्द होता, आणि तो धन्यवादाचा होता.