हवालदारांचा सत्याग्रह

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, मुंबईत इंग्रजाच्या पोलिसात हवालदार होते. खादी टोपीवाले रस्त्यात बसले की त्यांना उचलून गाडीत टाकायचं, ही त्यांची देशसेवा. देश कुणाचा ते विचारू नका. हेच मामंजी म्हातारपणी, इथे इस्रायलात, आम्हाला सत्याग्रह शिकवायला लागले! देवाला पण विनोद कळतो हो.

झालं असं, की इथल्या लोद गावच्या कारखान्यात माझ्या नणंदेचं एका मोरोक्कोच्या पोराशी जमलं. पोरगा ज्यू, पोरगी ज्यू. पण वरून, मोठ्या धर्मगुरूंकडून, हुकूम आलेला: भारतातले बेने इस्रायल, म्हणजे आम्ही, लग्नाला उभे राहिले की आधी त्यांच्या आज्या-पणज्या तपासा, खऱ्या ज्यू होत्या का. आता आमच्या आजेसासूबाई अलिबागकडे तेलाचा घाणा चालवायच्या. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी घाणा बंद म्हणजे बंद. अख्खा गाव शनिवार तेली म्हणायचा. शेजारच्या कोळणीला जे ठाऊक होतं ते इथल्या विद्वान दाढ्यांना कळेना. नोंदणीच्या कारकुनानं नणंदेकडे आजीच्या आजीचा पुरावा मागितला. ती कसली ऐकते! म्हणाली, "आपला मूळपुरुष अब्राहामबाबा, त्याची आजी तरी ज्यू होती का?" झालं. लग्न अडलं.

चौसष्टच्या उन्हाळ्यात गावोगावची आपली माणसं यरुशलेमला धरणं धरून बसायला निघाली. मामंजींनी घरात सतरंजी अंथरली आणि वर्ग काढला.

"अंग सैल सोडायचं, सूनबाई. हातपाय झाडणारा हलका लागतो. मेल्यासारखा पडतो तो जड. असल्यांनीच आमच्या कमरा मोडल्या."

ते स्वतःच आडवे पडले; नणंदेनं त्यांचे खांदे धरले, मी पाय. मामंजी हलले नाहीत, माझ्या निऱ्या मात्र सुटल्या.

नवरदेव दारात उभा राहून बघत होता. "कशाला हे सगळं?" तो म्हणाला. "द्या ना काहीतरी लिहून आजीबद्दल."

"तुझ्या आजीबद्दल कुणी विचारलं?" नणंद म्हणाली. तो आमच्याबरोबर काही आला नाही.

यरुशलेमला आम्ही धर्मगुरूंच्या कचेरीच्या दारात बसलो. साड्या, टोप्या, थर्मास, सगळा संसार. दुपारी पोलिसांचा साहेब आला. तरणा, खांद्यावर चकचकीत पट्ट्या. अदबीनं म्हणाला, "आजोबा, उठा." आणि काय सांगू, आमचे गुरुजी ताडकन उठले! टाचा जुळवून कडक सलाम. साहेबानं पण गोंधळून सलाम ठोकला.

"पप्पा, खाली बसा!" नणंद ओरडली. "लग्न आहे माझं, परेड नाही!"

मामंजी लालबुंद झाले. बसले कसले, आडवेच झाले. चार शिपाई लागले तरी म्हातारा जागचा हलेना. शेवटी एकानं त्यांना पाणी आणून दिलं आणि शिपाई निघून गेले.

पुढे बराच गाजावाजा झाला, आणि हुकुमातून आमचं नाव काढलं. त्या जागी लिहिलं, ज्याच्या घराण्याची शंका येईल त्याला तपासा. म्हणजे पूर्वी नाव घेऊन शिवी, आता नाव न घेता. तरी त्याच कारकुनानं नणंदेचं नाव लग्नासाठी मुकाट नोंदवलं आणि हसून म्हणाला, "झालं ना समाधान?"

"परवानगी मिळाली. माफी?" नणंद म्हणाली.

"ती या खात्यात नसते."

"मग ज्या खात्यात असेल तिथून मागवा," असं म्हणून ती त्याच्या टेबलासमोर फरशीवर बसली. इतके दिवस 'द्या ना लिहून' म्हणणारा तो नवरदेव! त्यानं तिच्याकडे पाहिलं, कारकुनाकडे पाहिलं, आणि इस्त्रीची पँट सावरत तिच्या शेजारी मांडी घातली. कारकुनाची जेवायची सुट्टी गेली, तोंडावरचं हसू गेलं.

सोबत आलेली मी मात्र उठले. घरी मेंदी भिजवायची होती. नवरी कधी येणार ते तिलाच ठाऊक.