दोन डिग्र्या आणि मृदंगावरचा शिक्का

असले किस्से आम्ही मुद्दाम गोळा केले नाहीत. जुनी वर्तमानपत्रं साठतात तसे ते साठत गेले. टाकवत नाहीत आणि ठेवायला जागा नाही.

रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजात लोकइतिहास आणि ग्रंथालयशास्त्र अशा दोन डिग्र्या एकदम करायची सोय झाली, आणि तीत सापडलो आम्ही तिघं. मी, पालीची सायली आणि सिद्धेश. वर्गात तिघंच, म्हणजे दांडी मारायचीही सोय नाही! शेवटचं प्रोजेक्ट दोन्ही डिग्र्यांना धरणार होते. एका गावात लोकांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या, जुन्या वस्तू मागून आणायच्या आणि तिथेच प्रदर्शन भरवायचं. गावाने नको म्हटलं, की दोन्ही डिग्र्या एकदम पाण्यात.

*

पहिला धक्का मला घरचाच. अलोऱ्याचं स्थळ आलं. मुलाचे वडील तिथल्या वीजप्रकल्पाच्या कॉलनीत राहून रिटायर झालेले, अगदी शिस्तीचे.

"ग्रंथालयाचं शिकते? छान, छान. शांत काम. आणि दुसरं?"

"लोकइतिहास. म्हणजे साध्या घरांतल्या आठवणी. कोण कुठून आलं, काय घडलं, कोणी काय सांगायचं टाळलं..."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "आमच्या घरात तसलं काही नाही!"

मी विचारलं तरी होतं का? मंडळी दारातून बाहेर पडली आणि रिक्षा वळायच्या आत नकाराचा फोन आला!

*

सायलीच्या डोक्यात वर्गीकरण असं शिरलं, की तिने पालीच्या घरातले डबे दशांश पद्धतीने लावले. आई बाजारातून आली, बांगडे साफ केले, वाटण घातलं आणि हात पुढे केला.

"तिरफळं कुठायत?"

"आई, ती आता वनस्पतिशास्त्रात."

"आणि मीठ?"

"खनिजात. माळ्यावर."

बांगड्याचं कालवण त्या दिवशी बिनतिरफळाचं झालं. वडिलांनी एक घास घेतला आणि ताट सरकवलं. आईने सगळ्या चिठ्ठ्या ओरबाडून काढल्या. "उद्या मला पण नंबर चिकटवशील गो!"

*

प्रोजेक्टसाठी अंजनवेलच्या बाजूची एक वाडी मिळाली. पहिली मुलाखत माझी. ओटीवर एक आजोबा बसले होते. मी रेकॉर्डर चालू केला आणि शिकवलं होतं तस्सा, मोकळा प्रश्न विचारला, "आजोबा, तुमच्या लहानपणी गाव कसं होतं?"

"तू कोनाची?"

सांगितलं. मग गाव कुठलं, आजोळ कुठलं, बापूस काय करतो, लग्न का नाही झालं! रेकॉर्डिंग वर्गात लावलं, तर त्यात सगळा माझाच इतिहास. अलोऱ्याचं स्थळसुद्धा मी ओकले होते. सर शांतपणे म्हणाले, "मुलाखत उत्तम झाली आहे. घेणाऱ्याचं नाव बदला."

*

आता सिद्धेशचा पराक्रम. लायब्ररीत पुस्तक आलं की पहिलं काम शिक्का. पहिल्या पानावर, शेवटच्या पानावर, मध्ये एका ठरलेल्या पानावर. वाडीने मोठ्या मनाने, शिमग्यात नाचतात त्या नमनाचा मृदंग प्रदर्शनासाठी दिला. सिद्धेशने तो मांडीवर घेतला, शाईच्या डबीचं झाकण उघडलं आणि सवयीने ठाप्! मृदंगाच्या दोन्ही तोंडांच्या चामडी पानांवर, जांभळ्या शाईत, 'कॉलेजची मालमत्ता'.

मी ओरडेपर्यंत तो शाई वाळवायला फुंकर मारत होता!

ज्या मृदंगाची पूजा केल्याशिवाय नमन उभं राहत नाही, त्याच्यावर शिक्का! वाडीचे मुख्य मानकरी, गावकार, आले, त्यांनी मृदंग उलटसुलट करून वाचलं. "मंग येत्या शिमग्याला कॉलेजच नाचनार काय?"

कोणी हसलं नाही. आम्हीही नाही.

*

संध्याकाळी गावकी बसली. प्रदर्शन होऊ द्यायचं की नाही हे कौल लावून देवीला विचारायचं ठरलं. परीक्षक मॅडम दोन दिवसांवर आलेल्या, आणि आमच्या दोन वर्षांचा निकाल देवीच्या मूर्तीला उजवी-डावीकडे चिकटवलेल्या ओल्या पाकळ्यांवर! उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "आई, पोरां शिकाय आलीत. चुकली आसतील तर पदरात घे." पाकळी हलेना. सिद्धेशच्या डोळ्यांत पाणी. सायलीने माझा दंड इतका दाबला की वळ उठले. आणि उजवी सुटली!

सरांनी रुमालाने कपाळ पुसलं. "विद्यापीठापेक्षा लवकर निकाल लागला."

*

प्रदर्शन शाळेत भरलं. परीक्षक मॅडम आल्या. एका खुर्चीवर हेडफोन होते, त्यात वाडीतल्या सुमनकाकींचा आवाज. त्यांना आम्ही रीतसर विचारलं होतं, "हे सगळ्यांना ऐकवलं तर चालेल ना?" त्या म्हणाल्या होत्या, "आयकू दे की गावाला! मी काय खोटं बोललंय?"

रेकॉर्डिंगमध्ये त्या म्हणतात, "ह्ये बोटीवर गेले, की मी दोन घास सुखानं खायची. सुट्टीवर आले, की आपलंच घर परक्याचं वाटायचं."

'गावाला' म्हटलं की त्यात काकींचा नवराही आला, हे आमच्या तिघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं!

काकींचे यजमान भिकाजीतात्या, जन्मभर जहाजावर नोकरी केलेले, आले आणि थेट त्याच खुर्चीवर बसले. मागे परीक्षक मॅडम वही उघडून उभ्या. दारात काकी कोकम सरबताचा ट्रे घेऊन. तात्यांनी पूर्ण ऐकलं. बटण दाबून परत ऐकलं. मी मनातल्या मनात दोन्ही डिग्र्यांना हात जोडले. हा माणूस आता उठून सगळं बंद करायला लावणार!

तात्यांनी हेडफोन काढले.

"माजा पन घ्या."

"प्रदर्शन वाचलं!" सिद्धेश पुटपुटला. सरांनी रेकॉर्डर पुढे धरला. तात्या सगळ्यांदेखत, खणखणीत आवाजात बोलले, "मी पन बोटीवरच सुखानं जेवायचो!"

मॅडमचं पेन थांबलं. काकींनी ट्रे बाकावर ठेवला, पदराने हात पुसले.

"मंग रिटायर कशाला झालाव?"