सारातलं मीठ

गोव्याच्या इस्पितळात वसग्याला शेवटचा भेटलो तेव्हा त्याच्या नाकात नळी होती. मी विचारलं, "कसो आसस?" तो हसला. "एकदम बरो." तेव्हाच मी समजलो, हा काही राहत नाही. आठवडा सरायच्या आत फोन आला. सांगणारा घाबरत होता, म्हाताऱ्याला धक्का बसेल म्हणून. धक्का कसला… जमिनीवर वसग्या ‘बरं’ म्हणाला की ते उलटं धरायचं, हे मला ठाऊक होतं.

वसग्या म्हणजे तुमचे अ‍ॅडमिरलसाहेब. नौदलात मोठा हुद्दा, पुढे सरकारने एका बेटांच्या देशात राजदूत म्हणून पाठवलेला. त्याच्या पदकांचं पेपरात आलंच आहे. मी देवबागचा मासे धरणारा, शाळा चौथीपर्यंत. पदकांतलं मला कळत नाही. आम्ही दोघं खाडीत एकत्र पोहायला शिकलो, एवढं कळतं. नौदलातून सुटीवर यायचा तेव्हा त्याचं तोंड फाटकं होतं. सगळ्या किनाऱ्यासमोर म्हणायचा, "तातू, तुझी होडी वाकडी बांधली हा." राजदूतकी करून आला तो मात्र तोंडात साखर घेऊन. सरपंचाचं भाषण बरं, देवळाचा भडक रंग बरा, कोणाची पोर कशीही गाऊ दे, बरीच. माझा हिशेब साधा आहे. ज्याला सगळंच बरं, त्याला काहीतरी हवं असतं.

तो निवृत्त होऊन गावात राहिला, त्याच सुमारास माझी बायको गेली. त्याची आधीच गेलेली, मुलं परदेशात. रोज दुपारी माझ्या पडवीत येऊन बसायला लागला. राजांच्या पंगतीला जेवलेला माणूस माझी करपलेली पेज कशाला खाईल? माझी खाडीकाठी जागा आहे, हॉटेलवाल्यांचा तिच्यावर डोळा. शेजारी म्हणाला, "सायबाक जागा होयी आसतली." मलाही तेच वाटलं. एक दिवस मुद्दाम बांगड्याच्या सारात मूठभर मीठ टाकलं. वसग्याने वाटी पुसून खाल्ली.

"बरा झाला हा."

मी खवळलो. "खोटारड्या, जीभ थंयच इसारलस काय?"

तो म्हणाला, तिथल्या राजाने एकदा आंबवलेला मासा वाढला. बरा म्हटलं, तर परत येईपर्यंत दर आठवड्याला टोपली यायची. मला हसू आलं, पण संशय वाढला. "मी काय परदेश आसंय रे?" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्याला होडीत बसवला. आत नेऊन सरळ विचारणार होतो. त्याच विचारात खाडीच्या तोंडाशी माझं लाटेकडे लक्ष राहिलं नाही. वसग्या गरजला, "गाढवा! वारो खंयसून येता आणि तू खंय नेतस?" सुकाणू माझ्या हातातून हिसकावलं. मी बघतच राहिलो… हा तोच जुना.

पाणी शांत झाल्यावर डबा उघडला. सार कालचंच. पहिल्या घासाला तो थुंकला.

"शिरोड्याचा मिठागर वतलस काय? वैनी आसती तर ह्या सार तुझ्या टकलेर वतला आसता तिना!"

"काल बरा होता मा?"

"काल जमिनीर होतंय. होडयेर माका खोटा बोलाक येना नाय. पाणी किती खोल विचारल्यार ‘बरा आसा’ म्हटला, तर जहाज खडकार जाता."

"मग सांग. तुका माझी जागा होयी?"

"जागा नको रे. सगळी साहेब-साहेब करतत. तू गाळी घालतस, म्हणान येतंय."

ते मी मानलं. पाण्यावर बोलला म्हणून मानलं. तिथपासून आमचं दुपारचं जेवण होडीतच.

इस्पितळाच्या खिडकीतून भिंत दिसत होती, नुसती भिंत. त्याला उचलून होडीत घातलं असतं तर खरं बोलला असता. मीही बोललो असतो काहीतरी…

डबा घेऊन अजून जातो. तो बसायचा ती फळी समोर असते. मीठ आता बरोबर पडतं, असं मला वाटतं. पहिला घास घेतो आणि थांबतो. कोणी थुंकत नाही, कोणी ओरडत नाही. म्हणून सार बरं झालं, असं कसं मानू?